बिनफोडणीची सकाळ

मी शाळेत रुजू व्हायला गेले तेव्हा आमचे हेडमास्तर खिडकीत चढून बसले होते. हातात पेचकस, दातांत दोन स्क्रू. मी खालून माझा नेमणुकीचा कागद वर केला. त्यांनी तो घेतला नाही.

"त्या ओट्यावर ठेवा, वर दगड ठेवा आन् चार पावलं मागं सरका," ते म्हणाले.

मी सरकले. त्यांनी खिडकीचं एक दार बिजागरीसकट उचकटून खाली टाकलं.

"काय करून राह्यले, गुरुजी?"

"हवेले दार कायले पायजे?"

संध्याकाळपर्यंत चारही खिडक्या उघड्याबोडक्या झाल्या. आठवडाभरात त्या फळ्यांचे दोन बाक तयार झाले. त्यातल्या एकावर मी पुढे कित्येक महिने बसले. बिजागरीच्या भोकात माझं लुगडं अडकायचं आणि दर वेळी मी मनातल्या मनात गुरुजींचा उद्धार करायची.

आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूरच्या पुढे, कापूस आणि ज्वारीच्या शेतांत ते गाव होतं. दोन खोल्यांची मराठी शाळा, पहिली ते पाचवी. मी यायच्या आधी गुरुजी एकटेच होते, तरी गाव त्यांना मोठे गुरुजी म्हणायचं. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. कुठल्या गावचे ते, हे कोणी नीट सांगत नव्हतं, आणि ते स्वतः तर चार पावलांच्या आत कोणाला येऊच देत नसत, मग विचारणार कसं?

हे चार पावलांचं प्रकरण म्हणजे ज्वारीचा धांडा. सुगी झाली की ते दोन हात लांबीचा एक चांगला वाळका धांडा निवडायचे आणि तो वर्षभर बाळगायचे. नव्या माणसाला वाटे, मास्तर फार मारकुटे असणार. त्यांनी कधी कोणा पोराला हात लावला नाही. मी एकदा कौतुकानं तसं म्हटलं, तर म्हणाले, "मारायले जवळ जावं लागते, बाई." तो धांडा मापाचा होता. दोन पोरांमध्ये तो आडवा धरायचा, मावला तर ठीक, नाहीतर पोर सरकवायचं. वर्गात जागा पुरत नसे, म्हणून अर्धा वर्ग कायम अंगणात.

फळ्याकडे तोंड करून लिहीत असले तरी त्यांचे कान मागे असत. कोणी खोकललं की हात थांबायचा. त्यांच्या लेखी खोकल्याचे तीन प्रकार होते, कोरडा, ओला आणि खोटा. "तिसरी ओळ, कोरडा. घरी जा, परवा ये." "दाराजवळचा ओला हाय. चार दिवस तोंड दाखवू नको." खोटा खोकला निघाला तर सतराचा पाढा. मी तीन वर्षं पाहिलं, सतराच्या पाढ्यात आमची शाळा तालुक्यात कोणाला हार गेली नसती.

पाटी थुंकीनं पुसायला सक्त मनाई. थुंकीनं पुसलं की शिकलेलंही पुसलं जाते, असं ते पोरांना अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत. पोरं इतकी घाबरली की प्रत्येक पाटीच्या भोकाला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असायची. लग्नकार्याला ते जात, पण मांडवाच्या बाहेर उभे राहून अक्षता टाकत. त्या अर्ध्या वाटेत पडत. पत्रावळ घेऊन झाडाखाली बसत आणि तिथूनच, जेवण चांगलं झालं म्हणून, हात वर करून दाखवत. गावानं त्यांना वाळीत टाकलं नाही ही गावाच्या मोठेपणाची गोष्ट, असं मला तेव्हा वाटे.

आणि त्यांचं नाक. स्वतः दोन्ही वेळा खिचडी शिजवून खाणारा माणूस, तीही मीठ विसरलेली. कदाचित त्यामुळेच असेल, दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचा त्यांना नाद होता. सकाळी खोलीवरून निघायचे ते मुद्दाम सगळी गल्ली फिरून शाळेत यायचे. बायका चुलीपाशी असत, आणि गुरुजी धांडा टेकत बाहेरून जात. शाळेत आल्यावर मला बातम्या. "शेवंताबाईकडं आज अंबाडी. लसूण करपला." "कोपऱ्यावरच्या घरी पाव्हणे आले, दोनदा फोडणी दिली." शेवंताबाई माझ्या मागच्या घरात राहायची, नवरा भाजीचा मळा करायचा, मुलगी आमच्या चौथीत. ती म्हणायची, "खिडक्याईचे दारं काढले ना गुरुजीनं, ते त्याईच्या नाकाले बसवा."

एका संक्रांतीनंतर गावात गोवर आला. आला म्हणजे घरोघर आला. एका आठवड्यात चौदा दारांवर कडुलिंबाचे टहाळे लागले. आमच्याकडे घरात माय आली म्हणतात. टहाळा दिसला की बाहेरचं कोणी आत जात नाही, घरात तळण नाही, फोडणी नाही, तेलाचा वाससुद्धा मायला खपत नाही. पोर बरं झालं, मातामायला दहीभाताचा थंड निवद दाखवला, की टहाळा उतरतो आणि चुलीवर पुन्हा तेल तापतं.

दुसऱ्या टहाळ्यालाच गुरुजींनी शाळा बंद केली. कोणाला विचारलं नाही. रोज सकाळी वही घेऊन गल्ली फिरायचे, कोणत्या दारावर टहाळा कधी आला, कधी उतरला, ते लिहायचे. नियम असा केला की टहाळा उतरल्यापासून सात दिवस मोजायचे, मग ते पोर शाळेत. ज्यांना होऊन गेला ती आधी येणार. ज्यांना झालाच नाही त्यांची पाळी अगदी शेवटी, सगळी गल्ली मोकळी झाल्यावर.

मी आदिलाबादेत शिकलेली. मला हे बघवेना. "गुरुजी, गोवर विषाणूमुळे होते. पुस्तकात आहे. आन् तुमी हेडमास्तर असून लिंबाचे टहाळे मोजून राह्यले?"

"इषाणू मले दिसत नाही, बाई. टहाळा दिसते," ते म्हणाले. "माय म्हना का इषाणू म्हना, सासातूनच जाते. गावानं आपणहून दाराले पाटी लावली हाय. मी वाचून राह्यलो फक्त."

मी तोंड फिरवलं.

त्याच दिवसांत मंडल ऑफिसातून चिठ्ठी आली. साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार. मराठी शाळेत पोरं किती भरतात ते स्वतः मोजणार, कमी भरली तर दुसऱ्या शिक्षकाची जागा काढणार, आणि अशीच कमी होत गेली तर शाळाच रस्त्यापलीकडच्या तेलुगू शाळेत घालणार. दुसरी शिक्षक म्हणजे मी. नवरा आदिलाबादेत एका दुकानात कामाला होता, फक्त रविवारी यायचा. मी आणि माझी सहा वर्षांची सुमन शाळेसमोरच्या खोलीत राहायचो. सुमन पहिलीत होती. ती जागा गेली असती तर आमचं कसं चाललं असतं याच्या विचाराशिवाय मी त्या आठवड्यात दुसरं काही केलंच नाही.

गुरुजींनी मुआयन्याच्याच दिवशी शाळा उघडायचं ठरवलं, पण फक्त बरी झालेली पोरं घेऊन. पहिले टहाळे उतरून आठवडा झाला होता, तरी नवे लागून चौदा दारं अजून तशीच होती; त्यांच्या वहीप्रमाणे बरी झालेली सोळाच होत होती. पट साठाच्या वर. मी रडकुंडीला आले. "एक दिवस, गुरुजी. एका दिवसापुरतं सगळ्याईले बसवा. लांब लांब बसवा."

"एका दिवसातच पसरते गोवर," एवढंच म्हणाले.

हे गावात पसरलं. आदल्या संध्याकाळी शेवंताबाई माझ्या दारात आली. तिची मुलगी पाच दिवसांपासून अंथरुणाला होती.

"बाई, आमी टहाळे काढून टाकले," ती हळूच म्हणाली. "समद्याईनं. मागं परसात नेऊन ठेवले, मायची माफी मागतली. उद्या गुरुजी फिरतीन, तर एका दारावर दिसणार नाही. गल्ली मोकळी दिसली, मग समद्याईले कसे नाही घेत शाळेत? ज्याईले उभं राहता येते ते पोट्टे पाठवतो आमी."

"पण शेवंताबाई..."

"तुमची नोकरी जाईन ना, माय. आन् आमची शाळा. तुमी फक्त गुरुजीले सांगू नका."

ती माझ्यासाठी आली होती. सगळी गल्ली माझ्यासाठी खोटं बोलणार होती, तेही मायला घरात बसवून. मला सांगायला हवं होतं की असं करू नका. मी शिक्षिका होते, पुस्तकात काय आहे ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "नाही सांगत."

ती गेल्यावर मी आत आले. सुमनला तीन दिवसांपासून ताप होता, नाक वाहत होतं, डोळे लाल. मी सर्दी म्हणत होते, सगळ्यांना आणि स्वतःलाही. त्या संध्याकाळी तिची वेणी घालायला केस वर केले, तर कानामागे पुरळ. मी केस खाली सोडले. वेणी घातलीच नाही. उद्या डोक्याला रुमाल बांधून हिला पहिल्या ओळीत बसवू, साहेब मोजून जातील, मग लगेच घरी आणू, असा हिशेब मी केला. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे आणि लिहितानाही लाज वाटते.

सकाळी मी चूल पेटवली. वरण शिजलं. कढई घेतली, तेलाची बरणी उघडली, आणि हात पुढे जाईना. माय वगैरे मी मानत नव्हते. तरी कढई परत खुंटीला लावली आणि वरणात नुसतं मीठ घातलं.

गुरुजी गल्ली फिरून शेवटी माझ्या दारापाशी आले. पायरीपासून धांडाभर लांब उभे राहिले. वही काखेत.

"बाई, एकही टहाळा नाही आज."

"हो का? गेली वाटते माय," मी म्हणाले.

"चौदा घरची, एकाच दिवशी?"

मी पदराशी चाळा करत उभी राहिले.

"आन् चौदाही घरी फोडणी नाही," गुरुजी म्हणाले. "मी दोनदा फिरलो. नुसता धूर आन् भाकरीचा वास. टहाळा काढायले मानूस धजते, बाई. माय घरात असताना तेल तापवायले कोणी धजत नाही."

मग त्यांनी मान थोडी वर केली आणि माझ्या घराकडे तोंड करून एक लांब श्वास घेतला. मी त्यांचं तोंड बघत होते. त्यांना काय कळणार ते मला त्यांच्या आधी कळलं.

"तुमचं धरून पंधरा," ते म्हणाले. "सुमनले कईपासून ताप हाय?"

"तीन दिवस," मी म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अंधारात निजवा, डोळे दुखते. पाणी पाजत राहा, घोट घोट. आन् तुमी आज येऊ नका." वही उघडून शेवटच्या घराखाली माझं घर लिहिलं आणि शाळेकडे गेले.

साहेब दुपारच्या आधी जीपमधून आले. ते मी खिडकीतून पाहिलं. अंगणात सोळा पोरं, मध्ये धांडाधांडाचं अंतर, आखून बसवल्यासारखी. साहेबांनी मोजली, कपाळाला आठ्या घातल्या. गुरुजी म्हणाले, "बाकीची हजेरी गल्लीत हाय, चला." आणि रजिस्टर उघडून चालू लागले. दारापुढे उभे राहून नाव पुकारायचे, आतून पोराचा आवाज आला की खूण करायची. "मंदा?" शेवंताबाईच्या घरातून बसक्या आवाजात "हजर, गुरुजी." दुसरं दार, तिसरं दार. साहेबांनी विचारलं, हे काय चाललं आहे? गोवर म्हटल्यावर त्यांनी रुमाल नाकाला लावला. त्यांच्या घरी तान्हं मूल होतं असं नंतर कळलं.

"पंतुलू, ये नहीं चलेगा," ते मागे सरकत म्हणाले. तेलुगूत मास्तरांना पंतुलू म्हणतात. "जो स्कूल में हाजिर, वही हाजिर. मैं सोलह लिखूँगा."

"लिहा, साहेब," गुरुजी म्हणाले. "आज पुरे साठ बसवून दाखवले असते. मग पुढच्या मुआयन्याले किती राह्यतीन, ते मले सांगता आलं नसतं."

साहेबांनी सोळा लिहिलं. जूनमध्ये माझी बदली नेरडीगोंड्याकडच्या एका शाळेत झाली, दुसरी जागा गेली ती गेलीच. मराठी शाळा मात्र टिकली, गुरुजी पुन्हा एकटे. गावानं त्यांच्याशी दोन महिने अबोला धरला. शेवंताबाईनं तर तोंडावर सांगितलं, "तुमच्या नाकापायी बाई गेल्या." त्यांना या अबोल्याचं दुःख झालं नाही. "बरंच हाय, लांब राह्यतीन," म्हणाले. त्या गोवरात शेजारच्या गावानं शाळा चालूच ठेवली होती. तिथं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. पण पुढच्या सुगीला शेवंताबाईचा नवराच गुरुजींना नवा धांडा निवडून द्यायला गेला, एवढं मी ऐकलं.

मीही त्यांच्यावर बरीच वर्षं रागावलेली होते. त्यांची कार्डं यायची, दिवाळीला एक, उन्हाळ्यात एक. वर पत्ता, खाली "सुमनची तब्येत?" आणि सही. मी दोन-तीन कार्डांना उत्तरच दिलं नाही. नव्वद सालाच्या पुढे ते निवृत्त झाले आणि बेज्जूरकडे बहिणीच्या गावी गेले. तिथंच वारले. मला दोन महिन्यांनी कळलं. गाववाले सांगत होते, शेवटच्या आजारात बहिणीलाही खाटेपासून धांडाभर लांब बसवायचे. मला हसू आलं आणि मग मी उत्तर न दिलेली कार्डं शोधून काढली.

पण गोवराच्या त्या दिवसांतलं थोडं राहिलं आहे.

साहेब जीपकडे वळले तरी गुरुजींनी हजेरी सोडली नव्हती. सगळी दारं घेत शेवटी माझ्या घरापुढे आले. "सुमन?" त्यांनी हाक मारली. सुमन तापात होती, तिनं डोळेही उघडले नाहीत. मी दारातून म्हणाले, "हजर आहे, गुरुजी."

"हजेरी पोरीची असते, बाई. रकाना मोकळा ठेवतो," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्याही. साहेब नव्हते, मुआयना संपला होता, त्या हजेरीचा आता कोणाला काही उपयोग नव्हता. रोज सकाळी पहिल्या दारापासून सुरू करायचे आणि माझ्या दारी संपवायचे. गल्लीतली पोरं हळूहळू खणखणीत ओरडू लागली. सुमनचा ताप छातीत उतरला. तिचा श्वास घरभर ऐकू यायचा. शेवंताबाई एका सकाळी आली आणि काही न बोलता माझ्या चौकटीला लिंबाचा टहाळा खोवून गेली. मी तो काढला नाही. मी काय मानत होते आणि काय नाही, ते मला त्या आठवड्यात आठवतही नव्हतं. "सुमन?" बाहेरून हाक यायची, मी तिच्या तोंडाकडे बघायची, गुरुजी जरा थांबायचे आणि पावलं दूर जायची. त्या पावलांची मला भीती वाटू लागली होती.

नवव्या दिवशी हाक आली तेव्हा मी तिला चमच्यानं पाणी पाजत होते. तिनं मान वळवली.

"हजर, गुरुजी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला वाटलं बाहेर गेलाच नसेल.

बाहेर पावलं वाजली नाहीत. मी दाराशी गेले. गुरुजी रजिस्टर मांडीवर घेऊन समोरच्या दगडावर बसले होते आणि खूण करत होते. एका खुणेला लागतो त्यापेक्षा त्यांना बराच वेळ लागला. मग उठले, धांडा उचलला.

"सात दिवस मोजतो," म्हणाले.

टहाळा शेवंताबाईनंच उतरवला, पण तेल तापवायला मी अजून धजले नव्हते. त्यानंतरची सातवी सकाळ. गल्लीतली बाकी सगळी घरं केव्हाच मोकळी झाली होती. साठाच्या वर पोरं अंगणात उभी होती, गोवर होऊन गेलेली, मुळीच न झालेली, सगळी. गुरुजी ओसरीवर, रुळाच्या तुकड्याची घंटा टांगली होती तिथं, हातोडी घेऊन उभे. वेळ होऊन गेली होती तरी ते वाजवत नव्हते. पोरं कुजबुजत होती. मला आधी कळलंच नाही, ते का थांबले आहेत. मग मी दारातून पाहिलं, त्यांचं तोंड माझ्या घराकडे होतं आणि मान थोडी वर.

मी आत गेले. सुमन दप्तर घेऊन पाटावर बसली होती, पाटीला नवी चिंधी बांधलेली. मी कढई खुंटीवरून काढली, तेल ओतलं. मोहरी तडतडली, लसूण टाकला, वर जिरं. वरण कढईत ओतलं आणि चर्र आवाज सगळ्या घरात भरला.

समोर घंटा वाजली.